पॅट्सी क्लाइनची बारा गाणी

मार्च १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेक्का कंपनीने 'पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स' नावाची लाँगप्ले रेकॉर्ड बाजारात आणली. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिळून बारा गाणी, आणि ती सगळी ऐकायला जेमतेम अर्धा तास. गायिकेला जाऊन चार वर्षे झाली होती. या रेकॉर्डसाठी नवे काही गायले गेले नव्हते, स्टुडिओ घ्यावा लागला नव्हता की वादकांना बिदागी द्यावी लागली नव्हती. कंपनीच्या कपाटातल्या फितींमधून बारा गाणी निवडायची, ती एकामागून एक लावायची आणि मुखपृष्ठ तयार करून छापायला पाठवायचे, एवढेच काम. कंट्री संगीताच्या धंद्यात असे संग्रह सतत निघत आणि हंगाम सरला की दुकानाच्या मागच्या फळीवर जात. हा संग्रह मात्र लाँगप्लेवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून सीडीवर गेला. २००५ साली त्याच्या एक कोटी प्रतींची अधिकृत नोंद झाली. पॅट्सी क्लाइन हे नाव आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती या बारा गाण्यांपुरतीच ठाऊक आहे.

ही रेकॉर्ड कोणत्या व्यवहारातून आली हे कळायला थोडे मागे जावे लागते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी आणली. पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली, तिच्या दोन बाजूंना दोन गाणी. पहिलीवर सिंफनी आणि ब्रॉडवेची संगीत नाटके आली, दुसरीवर रोजची लोकप्रिय गाणी. कंट्री संगीताचा श्रोता मुख्यतः दक्षिणेतल्या गावांतला, शेतीवाडीतला आणि कारखान्यांतला होता. तो गाणे ऐकायचा रेडिओवर किंवा नाणे टाकून हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर, आणि विकत घ्यायचा ती लहान तबकडी. त्यामुळे कंट्री गायकाची लाँगप्ले म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड, असाच बरीच वर्षे प्रकार होता.

गाजलेलीच गाणी एकत्र करून विकायची ही कल्पना फार जुनी असणार, पण तिला आज ओळखीचे असलेले नाव आणि रूप १९५८ साली मिळाले. कोलंबियाने जॉनी मॅथिस या पॉप गायकाची लहान तबकड्यांवरची गाणी गोळा करून 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' काढली. ही रेकॉर्ड 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत नऊ वर्षांच्या वर टिकून राहिली. इतर कंपन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा लगेच घेतला. नव्या रेकॉर्डमध्ये भांडवल अडकते आणि ती चालेल याची खात्री नसते. संग्रहातले प्रत्येक गाणे बाजाराने आधीच पारखलेले असते. कंट्री विभागांनी ही वाट धरली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या विशेष सोयीची ठरली. त्यांच्या गायकांची चांगली गाणी लहान तबकड्यांवरच विखुरलेली होती, म्हणून संग्रह निघाला की ती पहिल्यांदाच एका जागी मिळत. दिवंगत गायकाच्या बाबतीत तर कंपनीकडे दुसरा मार्गच नसे. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ला वारला. त्यानंतर एमजीएम कंपनी त्याच्या गाण्यांच्या जुळवाजुळवीवर वर्षानुवर्षे चालली, आणि साठच्या दशकात तर तिने त्याच्या साध्या गाण्यांवर व्हायोलिनांचा ताफा चढवून ती पुन्हा विकली.

पॅट्सी क्लाइनचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली. तिचा जन्म ८ सप्टेंबर १९३२चा, व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावचा. वडील सॅम लोहारकाम करत, आई हिल्डा शिवणकाम करी. वडील घर सोडून गेल्यावर मुलीने शाळा सोडली आणि औषधाच्या दुकानात काम धरले. रात्री ती स्थानिक बँडबरोबर गायची. गाताना ती जे झालरींचे काउबॉय थाटाचे पोशाख घाली ते आईनेच शिवलेले असत. १९५३ साली जेराल्ड क्लाइनशी लग्न झाले. ते चार वर्षांत मोडले, आडनाव मात्र कायमचे राहिले.

सप्टेंबर १९५४ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या फोर स्टार या कंपनीशी करार केला. या कराराला वळसा घालून तिच्या संग्रहांची गोष्ट सांगताच येत नाही. कंपनीचा मालक बिल मॅकॉल याने त्यात दोन अटी घातल्या होत्या. रॉयल्टी अडीच टक्क्यांहूनही कमी, म्हणजे त्या काळच्या रिवाजाच्या जवळजवळ निम्मी. आणि तिने गायची ती गाणी फोर स्टारच्याच प्रकाशन विभागाची असली पाहिजेत. ध्वनिमुद्रणे डेक्काच्या मार्फत होत आणि तबकड्याही डेक्काच वितरित करी, पण मालकी फोर स्टारची. गायिकेला गाणे निवडण्याचा हक्क नव्हता आणि कंपनीकडे निवडावीत अशी गाणी नव्हती. १९५५ ते १९६० या काळात तिने फोर स्टारसाठी एक्कावन्न गाणी गायली. त्यांतले एकच खऱ्या अर्थाने चालले.

ते गाणे 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. तिला स्वतःला ते फारसे आवडले नव्हते. जानेवारी १९५७ मध्ये आर्थर गॉडफ्रीच्या दूरदर्शनवरील नवोदितांच्या स्पर्धेत तिने ते गायले. तिथल्या लोकांनी आईने शिवलेला पोशाख बाजूला ठेवून तिला शहरी पार्टीचा झगा घालायला लावला. ती जिंकली. गाणे कंट्री यादीत दुसऱ्या आणि पॉप यादीत बाराव्या क्रमांकावर गेले. त्यानंतर मात्र तीन वर्षे काहीच चालले नाही. रॉयल्टीतून मुद्रणाचा खर्च वळता होत असल्याने हाती पैसाही फारसा पडला नाही. याच काळात चार्ली डिकशी तिचे दुसरे लग्न झाले आणि पहिले मूल झाले.

१९६० साली फोर स्टारचा करार संपला आणि डेक्काने तिला थेट आपल्याकडे घेतले. त्याच वर्षी जानेवारीत ती नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या साप्ताहिक रेडिओ मैफलीची सदस्य झाली होती. डेक्काच्या कंट्री विभागाचा कारभार ओवेन ब्रॅडली पाहत असे. ब्रॅडली मूळचा पियानोवादक आणि नाचाच्या वाद्यवृंदाचा संचालक. आपला भाऊ हॅरल्ड याच्यासह त्याने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर नॅशव्हिलच्या सोळाव्या अव्हेन्यूवर एक घर घेतले आणि त्याला लागून लष्करी गोदामांसारखी अर्धगोल पत्र्याची शेड उभारली. या शेडला 'क्वॉनसेट हट' म्हणत. पुढे ज्या भागाला म्युझिक रो हे नाव पडले, तिथला हा पहिला स्टुडिओ. १९६२ मध्ये कोलंबियाने तो विकत घेतला.

रॉक अँड रोलच्या लाटेने तेव्हा कंट्रीचा धंदा खिळखिळा केला होता. तरुण गिऱ्हाईक तिकडे गेले आणि रेडिओ केंद्रांनी कंट्रीचे तास कमी केले. १९६१ साली पूर्ण वेळ कंट्री वाजवणारी केंद्रे देशभरात ८१ होती. यावर ब्रॅडली आणि आरसीएचा चेट अॅटकिन्स यांनी काढलेला उपाय पुढे 'नॅशव्हिल साउंड' म्हणून ओळखला गेला. फिडल आणि बँजो मागे सारायचे किंवा काढूनच टाकायचे, त्यांच्या जागी व्हायोलिने, मंद पियानो आणि पुरुषांचा मृदू कोरस आणायचा, म्हणजे शहरातल्या मध्यमवयीन श्रोत्यालाही गाणे परके वाटणार नाही. जुन्या वळणाच्या रसिकांनी याला गुळमट म्हटले, आणि या पद्धतीच्या पुष्कळशा रेकॉर्डना तो शब्द लागूही पडतो. क्लाइनच्या गाण्यांत तसे झाले नाही याचे कारण तिचा आवाज. तो भरदार, खालच्या पट्टीतही न दबणारा आणि शब्दाच्या शेवटी किंचित फुटणारा होता. त्या गुळगुळीत साथीमुळे तिचा हा खडबडीतपणा उलट अधिकच उठून दिसला.

साथीला ठरलेले वादक असत. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, गिटारवर हँक गार्लंड आणि ग्रेडी मार्टिन, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन आणि कोरसला जॉर्डनेअर्स ही चौकडी. हे लोक स्वरलिपी मांडून बसत नसत. गाण्याचा नमुना एकदा ऐकून स्वरमेळांचे आकडे कागदावर टिपायचे, ही पद्धत जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूजने रूढ केली होती. सा-रे-ग-म जसे कोणत्याही पट्टीत तेच राहतात, तसे हे आकडे पट्टी बदलली तरी बदलावे लागत नसत. तीन तासांच्या एका बैठकीत साधारण चार गाणी उरकायची, असा शिरस्ता होता.

नोव्हेंबर १९६० मध्ये 'आय फॉल टू पीसेस' ध्वनिमुद्रित झाले. हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचे हे गाणे आधी ब्रेंडा ली आणि रॉय ड्रस्की या दोघांनी नाकारले होते. क्लाइनलाही त्यातला कोरस आणि संथ चाल पसंत नव्हती. जानेवारी १९६१ मध्ये तबकडी निघाली आणि सावकाश चढत ऑगस्टमध्ये कंट्री यादीत पहिली आली. मधल्या काळात, १४ जून रोजी, नॅशव्हिलमध्ये दोन मोटारींची समोरासमोर टक्कर होऊन क्लाइन मरता मरता वाचली. कपाळावर मोठी जखम झाली, मनगट मोडले, कंबरेचा सांधा निखळला. गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले तेव्हा ती कुबड्यांवर चालत होती.

कुबड्या घेऊनच ती २१ ऑगस्टला 'क्रेझी' गायला आली. विली नेल्सन हा टेक्सासहून आलेला, अजून नाव न मिळालेला गीतकार पॅम्पर म्युझिक या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होता; त्याला तिथे चिकटवणारा हँक कॉक्रनच. नेल्सनने नमुन्यादाखल गायलेल्या मुद्रणात शब्द ठेक्याच्या मागे रेंगाळत येत, आणि क्लाइनला तसे गाणे मुळीच मानवेना. ब्रॅडलीने तिला स्वतःच्या रीतीने गायला सांगितले. पण छातीच्या दुखापतीमुळे वरच्या सुरांना दम पुरेना. चार तास गेले, साथ पक्की झाली, आवाज मात्र जमला नाही. एरवी गायक आणि वादक एकत्रच मुद्रित होत, पण फितीवर तीन पट्टे असल्याने आवाजाचा पट्टा वेगळा ठेवता आला. काही आठवड्यांनी ती परत आली आणि तयार साथीवर गाणे गाऊन गेली. ऑक्टोबरमध्ये 'क्रेझी' निघाले, कंट्रीत दुसरे आणि पॉपमध्ये नववे आले. पॉप यादीत तिचे याहून वर काही गेले नाही. डिसेंबरात मुद्रित झालेले कॉक्रनचे 'शीज गॉट यू' १९६२ मध्ये कंट्री यादीत पुन्हा पहिले आले.

तिच्या हयातीत तिच्या तीनच लाँगप्ले निघाल्या: १९५७ची 'पॅट्सी क्लाइन', १९६१ची 'शोकेस' आणि १९६२ची 'सेंटिमेंटली युवर्स'. चौथीसाठी फेब्रुवारी १९६३च्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस मुद्रण झाले. ४ तारखेला बॉब विल्सचे 'फेडेड लव्ह', ५ तारखेला डॉन गिब्सनचे 'स्वीट ड्रीम्स'. ३ मार्चला ती कॅन्सस सिटीत एका दिवंगत रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी झालेल्या मदत-कार्यक्रमात गायली. ५ मार्चला परतताना टेनेसीतल्या कॅम्डेनजवळ खराब हवेत तिचे लहान विमान कोसळले. व्यवस्थापक रँडी ह्यूज विमान चालवत होता. काउबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स हे ऑप्रीचे दोन गायक बरोबर होते. चौघेही गेले. ती तीस वर्षांची होती.

नियोजित लाँगप्ले त्या स्वरूपात निघालीच नाही. डेक्काने १९६३ मध्ये 'द पॅट्सी क्लाइन स्टोरी' हा दोन तबकड्यांचा, चोवीस गाण्यांचा संच काढला आणि शेवटच्या मुद्रणांतली काही गाणी त्यात घातली. 'स्वीट ड्रीम्स' आणि 'फेडेड लव्ह' लहान तबकड्यांवर निघून त्याच वर्षी कंट्री यादीत अनुक्रमे पाचव्या आणि सातव्या क्रमांकापर्यंत गेली. १९६४ मध्ये उरलेल्या गाण्यांच्या आणखी दोन लाँगप्ले आल्या. मग कपाट रिकामे झाले. १९६७ची रेकॉर्ड त्या रिकाम्या कपाटातून आलेली आहे. नवे काही उरले नव्हते, तेव्हा जुन्यातले उत्तम वेगळे काढायचे.

पण ते खरोखर 'ग्रेटेस्ट हिट्स' होते का? बारांपैकी आठ गाणी कंट्री याद्यांत चढलेली होती. वर आलेल्या सहांखेरीज 'सो राँग' आणि 'लीव्हिन ऑन युवर माइंड' ही ती. उरलेली चार, म्हणजे 'स्ट्रेंज', 'बॅक इन बेबीज आर्म्स', 'व्हाय कांट ही बी यू' आणि 'यूअर स्ट्राँगर दॅन मी', तबकडीच्या मागच्या बाजूची होती आणि कंट्री यादीत कधी दिसलीच नव्हती. उलट १९६२ मध्ये कंट्री यादीत दहावे आलेले 'व्हेन आय गेट थ्रू विथ यू' संग्रहात नाही. 'हार्टएक्स' हे पॉप यादीत आलेले गाणे वगळून त्याच्या पाठीवरचे 'व्हाय कांट ही बी यू' घेतले आहे. म्हणजे निवडणाऱ्याने आकड्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवला. वगळलेले दहाव्या क्रमांकाचे गाणे उडत्या चालीचे, काहीसे बाळबोध. घेतलेली चारही, 'बॅक इन बेबीज आर्म्स'चा अपवाद सोडला, तर विरहाची आणि मत्सराची. जाणता किंवा अजाणता, या निवडीने गायिकेचा एकच चेहरा पुढे आणला: प्रेमात हरलेली, पण आवाज न गमावलेली प्रौढ स्त्री. ऑप्रीच्या रंगमंचावर योडल करणारी, वेगवान नाचगाणी आणि भक्तिगीते गाणारी, विनोद करणारी क्लाइन या रेकॉर्डमध्ये नाही.

'वॉकिन आफ्टर मिडनाइट'ची इथली आवृत्ती १९५७ साली गाजलेली नव्हे. ते मुद्रण फोर स्टारच्या मालकीचे होते, म्हणून १९६१ मध्ये 'शोकेस'साठी डेक्काने ते तिच्याकडून पुन्हा गाऊन घेतले होते, आणि तेच इथे आहे. जुन्यात गिटारची ब्लूजसारखी सरसर आहे, नव्यात जॉर्डनेअर्सचा कोरस. एका सहीमुळे झालेला हा बदल संग्रहाच्या पथ्यावर पडला. सगळी बारा गाणी एकाच माणसाने, जवळपास त्याच वादकांसह, सव्वादोन वर्षांच्या आत मुद्रित केलेली निघाली. इतर गायकांच्या संग्रहांत दहा-पंधरा वर्षांतले निरनिराळे आवाज आणि निरनिराळे स्टुडिओ एकमेकांवर आदळतात. हा सलग ऐकला तर एका बैठकीत योजून केल्यासारखा वाटतो.

श्रेयनामावलीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बारांपैकी चार गाण्यांवर हँक कॉक्रनचे नाव आहे, दोन त्याची एकट्याची आणि दोन दुसऱ्यांबरोबरची. 'क्रेझी' धरले तर त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्याच्या गाण्यांनी जवळजवळ निम्मी रेकॉर्ड भरली. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार गाणे तबकडीवर आले की प्रत्येक प्रतीमागे प्रकाशकाला दोन सेंट मिळत. हा दर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बदलला नाही. म्हणजे बारा गाण्यांच्या एका लाँगप्लेमागे चोवीस सेंट. अमेरिकी लाँगप्लेवर क्वचितच बारापेक्षा जास्त गाणी सापडतात त्यात या हिशेबाचाही वाटा आहे. संग्रह काढताना कंपनीचा मुद्रणाचा खर्च वाचतो, पण गीतकाराचे दोन सेंट चुकत नाहीत. प्रकाशक आणि गीतकार ते आपसांत वाटून घेत. गायिकेच्या मृत्यूनंतर गीतकारांना वर्षानुवर्षे मिळकत देणारी जी थोडी कामे झाली, त्यांत या रेकॉर्डची गणना करावी लागते.

१९६७ साली रेकॉर्डने खळबळ वगैरे केली नाही. कंट्री अल्बमांच्या यादीत ती पहिल्या दहांतही आली नाही. पण छपाई थांबली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅशव्हिलला कंट्री संगीताचे 'हॉल ऑफ फेम' आणि संग्रहालय उघडले होते, म्हणजे हा धंदा आपल्याच भूतकाळाकडे वारसा म्हणून पाहू लागला होता. पूर्ण वेळ कंट्री केंद्रांची संख्या दशकाअखेर सहाशेच्या वर गेली, आणि त्यांना जुनी गाणीही हवी असत. १९७३ मध्ये क्लाइनची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. एकट्या गायिकेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच वर्षी अमेरिकेत डेक्काचे नाव बंद होऊन तिचा सगळा साठा एमसीएच्या शिक्क्याखाली आला आणि ही रेकॉर्ड नव्या क्रमांकाने निघत राहिली. लिंडा रॉन्स्टॅटने तरुण रॉक श्रोत्यांपुढे क्लाइनची गाणी गायली. लोरेटा लिनने १९७७ मध्ये तिच्या गाण्यांचा एक पूर्ण अल्बम केला.

खप खऱ्या अर्थाने वाढला तो चित्रपटांमुळे. १९८० च्या 'कोल मायनर्स डॉटर' या लोरेटा लिनच्या चरित्रपटात क्लाइनची भूमिका बेव्हर्ली डँजेलोने केली आणि गाणीही तिनेच गायली. मूळ आवाज ऐकायचा तर दुकानात जाणे भाग होते. १९८५ मध्ये 'स्वीट ड्रीम्स' हा खुद्द क्लाइनवरचा चित्रपट आला. त्यात जेसिका लँगने मूळ मुद्रणांवर ओठ हलवले, मात्र ध्वनिपट्टीसाठी आवाज क्लाइनचा ठेवून साथ नव्याने वाजवून घेतली होती. असे उद्योग तेव्हा सर्रास चालू होते. १९८१ मध्ये जिम रीव्हज आणि क्लाइन यांचे 'युगुलगीत' निघाले. दोघे कधीच एकत्र गायले नव्हते आणि दोघेही विमान अपघातांत गेलेले. दोन कंपन्यांच्या फिती यंत्राने जुळवून हे घडवले होते. ते चाललेही. दुसऱ्या टोकाला फोर स्टारची ती एक्कावन्न गाणी होती. त्यांचे हक्क हातोहात फिरत गेले आणि स्वस्त कंपन्यांनी तीच गाणी पुन्हा पुन्हा नव्या मुखपृष्ठांत घालून पेट्रोल पंपांपासून सवलतीच्या दुकानांपर्यंत सगळीकडे पसरवली. 'क्रेझी'च्या शोधात आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती त्यात 'क्रेझी' सोडून सगळे येई.

या गर्दीत १९६७च्या संग्रहाचे पारडे जड राहिले, कारण हवी ती गाणी त्याच्यातच होती आणि त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. १९८८ मध्ये एमसीएने तो '१२ ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने सीडीवर नव्याने आणला. योगायोगाने त्याच वर्षी के. डी. लँग या कॅनडाच्या गायिकेने ओवेन ब्रॅडलीला निवृत्तीतून बाहेर काढून त्याच जुन्या वळणाचा 'शॅडोलँड' अल्बम केला, आणि क्लाइनच्या गाण्यांवरचे 'ऑलवेज... पॅट्सी क्लाइन' हे नाटकही रंगमंचावर आले.

खप किती होता हे मात्र १९९१ पर्यंत कुणाला नीट दिसत नव्हते. 'बिलबोर्ड'च्या याद्या दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर बेतलेल्या असत, आणि दुकानदार सांगायचा तो काउंटरवरच्या नव्या मालाबद्दल. मे १९९१ मध्ये साप्ताहिकाने साउंडस्कॅन ही पद्धत घेतली. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्री मोजली जाई. कंट्री संगीत सर्वांना वाटत होते त्याहून कितीतरी जास्त विकले जाते हे उघडकीला आले. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा नवा अल्बम पहिल्याच आठवड्यात पॉप यादीत वर बसला. जुन्या अल्बमांसाठी वेगळ्या 'कॅटलॉग' याद्या सुरू झाल्या, आणि कंट्रीच्या कॅटलॉग यादीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला तो क्लाइनचा संग्रह. तिथे तो सातशेहून अधिक आठवडे राहिला, त्यांतले सुमारे अडीचशे आठवडे पहिल्या क्रमांकावर. गिनेसच्या विक्रमग्रंथातही याची नोंद झाली. एक कोटी प्रतींसाठी असलेले डायमंड प्रमाणपत्र अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९९९ मध्ये सुरू केले होते. या संग्रहाला ते २००५ साली मिळाले.

हयात गायकांच्या संग्रहांचे गणित वेगळे असते. केनी रॉजर्सच्या १९८० च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये लायनेल रिचीचे 'लेडी' हे कोरे गाणे घातले होते, आणि त्या एका गाण्याने अख्खा संग्रह पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर नेला. गार्थ ब्रुक्सने १९९४ चा 'द हिट्स' ठरावीक मुदतीपुरताच विकायचा असे जाहीर केले आणि टंचाईच्या धाकाने तो भराभर उचलला गेला. या युक्त्यांसाठी गायक हाताशी असावा लागतो आणि सौदा करण्याची ताकद त्याच्याकडे असावी लागते. क्लाइनच्या संग्रहामागे यांपैकी काहीच नव्हते, मोठी जाहिरातही नव्हती. त्याला चाळीस वर्षे चालवले ते ज्यूकबॉक्स, रेडिओ, दोन चित्रपट आणि एकाने दुसऱ्याला ऐकवणे यांनी.

क्लाइन संपूर्ण ऐकण्याची सोय १९९१ साली झाली. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक फाउंडेशनने एमसीएसह 'द पॅट्सी क्लाइन कलेक्शन' हा चार सीडींचा संच सिद्ध केला. फोर स्टारची गाणी, डेक्काची मुद्रणे आणि काही रेडिओ कार्यक्रम मिळून त्यात १०४ गाणी आहेत. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'चे मूळ मुद्रण तिथे आहे, योडल आहे, भक्तिगीते आहेत आणि १९६७ मध्ये गाळलेले दहाव्या क्रमांकाचे 'व्हेन आय गेट थ्रू विथ यू'ही आहे. अभ्यासकांनी तो संच डोक्यावर घेतला. दुकानांत मात्र बारा गाण्यांची सीडीच अधिक उचलली जात राहिली.